दिवाळे आणि दडवादडवी : बोरिस बेकरची कहाणी



लंडन शहरात थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर सदर्क नावाचा एक जुना भाग आहे. पूर्वी तेथे मार्शलसी या नावाचा तुरुंग होता. त्यातील बहुसंख्य बंदिवान चोर-दरोडेखोर नव्हते. घेतलेले कर्ज फेडता न आलेली ती सामान्य माणसे होती. १८२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात जॉन डिकन्स नावाच्या एका कारकुनाची रवानगी या तुरुंगात झाली. एका पाववाल्याचे चाळीस पौंड दहा शिलिंग त्याच्याकडे थकले होते. त्याचा बारा वर्षांचा मुलगा त्या दिवसांत बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या डकवण्याचे काम करीत होता. पुढे कादंबरीकार म्हणून जगाला ठाऊक झालेला चार्ल्स डिकन्स तो हाच. बापाच्या बंदिवासाचा घाव त्याने जन्मभर मनात वागवला आणि ‘लिट्ल डॉरिट’ या कादंबरीत त्याच तुरुंगाचे चित्र रेखाटले.

मार्शलसी १८४२ साली बंद झाला. त्याच सदर्कमधील क्राउन कोर्टात २९ एप्रिल २०२२ रोजी चोपन्न वर्षांच्या एका माणसाला अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली. त्याने त्या दिवशी विम्बल्डनच्या क्लबाच्या जांभळ्या-हिरव्या रंगांचा टाय घातला होता. त्या क्लबाच्या हिरवळीवर तीन वेळा जगज्जेता ठरलेला हा माणूस म्हणजे बोरिस बेकर.

वर्तमानपत्रांनी बातमीला मथळे दिले ते साधारण एकाच धाटणीचे : कोट्यवधी कमावणारा खेळाडू कर्जबाजारी होऊन तुरुंगात गेला. वाचकाच्या मनात साहजिकच असे भरते की दोनशे वर्षांपूर्वी कर्जापायी जॉन डिकन्स आत गेला, तसाच कर्जापायी बोरिस बेकरही आत गेला. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चूक किरकोळ नाही. डिकन्सला शिक्षा झाली ती देणे देता आले नाही म्हणून. बेकरला शिक्षा झाली ती देणे देता आले नाही म्हणून नव्हे, तर जवळ काय आहे हे त्याने सांगितले नाही म्हणून. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते कायद्याने मोठ्या कष्टाने आणि फार सावकाश तोडलेले आहे.

प्रथम माणूस पाहू.

हायडेलबर्गजवळच्या लायमेन या लहानशा गावी २२ नोव्हेंबर १९६७ रोजी त्याचा जन्म झाला. वडील वास्तुरचनाकार. गावातील टेनिस केंद्राची इमारत त्यांनीच आखली होती आणि मुलगा तेथेच खेळायला शिकला. लाल केसांचा, दणकट बांध्याचा हा पोरगा चेंडूमागे अंग झोकून देई, गुडघे फोडून घेई. गुंटर बोश हे त्याचे प्रशिक्षक झाले आणि इयॉन टिरिॲक हा मिशाळ, धूर्त रुमानियन गृहस्थ त्याचा व्यवस्थापक झाला. ७ जुलै १९८५ रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याने केव्हिन करन याला चार सेटांमध्ये हरवले. त्या दिवशी त्याचे वय सतरा वर्षे आणि साडेसात महिने होते. त्या स्पर्धेत त्याला मानांकनही नव्हते. बिनमानांकित खेळाडूने ते विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ; जर्मन पुरुषाने ते मिळवण्याचीही पहिलीच. पुढच्या वर्षी इव्हान लेंडलला नमवून त्याने ते राखले आणि १९८९ मध्ये स्टीफन एडबर्गवर मात करून तिसऱ्यांदा जिंकले. अमेरिकेचे अजिंक्यपद एकदा, ऑस्ट्रेलियाचे दोनदा, पश्चिम जर्मनीसाठी डेव्हिस चषक दोनदा, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मिखाएल श्टिशच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक आणि १९९१ साली जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान. एवढी यादी पुरे आहे. त्याचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना यादीची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना यादीवरून तो कळणार नाही.

परंतु १९८५ च्या त्या दुपारी त्याला मिळालेल्या धनादेशाकडे आपण जरा थांबून पाहिले पाहिजे. रक्कम होती एक लाख तीस हजार पौंड. अवघ्या सतरा वर्षांपूर्वी, म्हणजे १९६८ साली, विम्बल्डन व्यावसायिकांना खुले झाले तेव्हा रॉड लेव्हर या थोर खेळाडूला विजेता म्हणून दोन हजार पौंड मिळाले होते. त्याआधी तर बक्षिसाची रक्कमच नव्हती. हौशीपणाचे सोवळे पाळले जाई आणि सोवळ्याच्या आडून खर्चाच्या नावाने पाकिटे दिली जात. एका पिढीत हा खेळ श्रीमंतांच्या बागेतून उठून दूरचित्रवाणीच्या बाजारात आला. बूट, रॅकेट, सदरा, मनगटावरचे घड्याळ अशा खेळाडूच्या अंगावरच्या वितभर जागेला भाव आला. त्या बाजाराला एका चेहऱ्याची गरज होती आणि नेमका त्या क्षणी लायमेनचा पोरगा चेंडूवर झेप घेताना जगाला दिसला. पश्चिम जर्मनीच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला मतदान करता येत नव्हते, की स्वतःच्या एकट्याच्या सहीने करार करता येत नव्हता. तरी त्याच्या नावावर करार होत होते, पैसा येत होता आणि त्या पैशाचा हिशेब दुसरेच कोणीतरी ठेवीत होते.

येथे बेकरविषयी सहानुभूती बाळगण्यास निश्चित जागा आहे. ज्या वयात मुले पहिल्या पगाराची पुडकी मोजून घरभाडे, खाणावळ आणि घरी पाठवायची रक्कम यांची वाटणी करायला शिकतात, त्या वयात त्याला विमानाचे तिकीटही स्वतः काढावे लागले नाही. पैसा म्हणजे काय हे ठेच लागून शिकायचे असते. त्याच्या वाटेतले दगडच उचलून टाकले गेले होते. पुढे न्यायालयात त्याने हाच बचाव मांडला : आपण सल्लागारांवर विसंबून राहिलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडी हा बचाव केविलवाणा वाटतो, पण तो पूर्णपणे खोटा म्हणता येणार नाही.

मात्र पैशाच्या बाबतीत एक गोष्ट त्याला फार लवकर शिकवण्यात आली होती. ती म्हणजे राहण्याचा पत्ता.

भूमध्य समुद्राच्या काठावर मोनाको नावाचे एक चिमुकले संस्थान आहे. त्याचे सारे क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरच्या आसपास. तेथील रहिवाशांना, फ्रेंच नागरिकांचा अपवाद सोडला, तर उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. त्यामुळे खेळाडू, मोटारशर्यतींचे चालक आणि धनिक यांची तेथे दाटी असते. बेकरनेही किशोरवयातच मोनाकोचा रहिवासी म्हणून नाव नोंदवले. यात बेकायदेशीर काही नव्हते. तो तेथे खरोखर राहत असता तर कोणाला काही म्हणता आले नसते. परंतु १९९१ ते १९९३ या काळात त्याचे खरे बिऱ्हाड म्युनिकमध्ये होते. बहिणीच्या घरात त्याने जागा ठेवली होती, तेथे तो येऊन-जाऊन राहत होता आणि कागदोपत्री मात्र मोनाकोवासी होता. जर्मन करखात्याने वर्षानुवर्षे त्याचा माग काढला. ऑक्टोबर २००२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याला करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरवले. चुकवलेला कर सुमारे सतरा लाख युरो होता. सरकारी वकिलांनी प्रत्यक्ष तुरुंगवासाची मागणी केली होती. न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली आणि ती स्थगित ठेवली. वर आर्थिक दंड केला. बेकर न्यायालयातून बाहेर पडला तो मोकळा.

या प्रसंगाकडे दोन प्रकारे पाहता येते. एक असे की खेळाडूची कमाईची वर्षे दहा-बारा. त्यात त्याने चार पैसे वाचवले तर बिघडले काय? हा युक्तिवाद वरकरणी माणुसकीचा दिसतो. पण म्युनिकच्याच एखाद्या मोटार कारखान्यातील कामगाराकडे पाहा. त्याचा कर पगारातूनच कापला जातो. त्याचे शरीरही खेळाडूप्रमाणेच झिजते, त्यालाही पन्नाशीनंतर पाठ धरते, पण त्याला मोनाकोत खोली घेता येत नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याचा पत्ता एकच असतो. जो हवा तो पत्ता निवडू शकतो तो आपला देशही बिलाप्रमाणे निवडू लागतो, आणि एकदा ही सवय जडली की पत्ता ही सांगायची गोष्ट राहत नाही, सोयीने वापरायची गोष्ट होते.

बेकर एकटाच असा होता असे मुळीच नाही. त्याच्याच परिसरातली, लहानपणी त्याच्यासोबत सराव केलेली स्टेफी ग्राफ ही महान खेळाडू. तिचा पैसा सांभाळणारे तिचे वडील पेटर ग्राफ यांना १९९७ च्या जानेवारीत करचुकवेगिरीसाठी तीन वर्षे नऊ महिन्यांची शिक्षा झाली. स्पेनची आरांचा सांचेझ व्हिकारियो, चार मोठ्या अजिंक्यपदांची मानकरी, हिने आपले वास्तव्य आंदोरा या करमुक्त डोंगरी राज्यात असल्याचे दाखवले होते. स्पेनच्या करखात्याने ते अमान्य केले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढूनही ती हरली. कराच्या त्या रकमेला हमी राहिलेल्या बँकेला पैसे भरावे लागले, बँक तिच्या मागे लागली, आणि जानेवारी २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या न्यायालयाने बँकेपासून मालमत्ता दडवल्याबद्दल तिला दोन वर्षांची शिक्षा दिली. ती स्थगित राहिली. मोनाको काय, आंदोरा काय, गोष्ट तीच. आरंभी करासाठी पत्ता लपवायचा आणि अखेरीस धनकोसाठी घर लपवायचे.

बेकरकडे परत येऊ. १९९९ साली तो विम्बल्डनवरून निवृत्त झाला. केवळ बक्षिसांच्या रूपाने त्याने अडीच कोटी डॉलर मिळवले होते. जाहिराती धरून कारकिर्दीची एकूण कमाई पाच कोटी डॉलरच्या घरात होती, असे खटल्यात सांगण्यात आले. २००१ मध्ये घटस्फोट झाला आणि त्याची तडजोड महाग पडली. मुलांच्या पोषणाची जबाबदारी होती. मायोर्का बेटावर विस्तीर्ण मळ्याची मालमत्ता होती आणि विम्बल्डनमध्ये महिना बावीस हजार पौंड भाड्याचे घर होते. खेळाडूची मिळकत निवृत्तीबरोबर आटते. राहणीचा आकार मात्र तसाच राहतो, कारण तो आकार आता खर्चाचा न राहता प्रतिष्ठेचा झालेला असतो. आपल्याकडील पडक्या वाड्यांतल्या सरदारांच्या वंशजांना हे दुखणे चांगले परिचित आहे. उत्पन्न गेले तरी दारातला घोडा विकता येत नाही, कारण घोडा विकला की सावकाराला कळते.

आणि तो काही रिकामा बसलेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. बीबीसीवर तो समालोचन करी. डिसेंबर २०१३ पासून तीन वर्षे तो नोव्हाक जोकोविचचा प्रशिक्षक होता, आणि त्या काळात जोकोविचने सहा मोठी अजिंक्यपदे मिळवली. मैदानावरची त्याची बुद्धी शाबूत होती. याच सुमारास त्याने लंडनच्या एका खाजगी बँकेकडून मोठे कर्ज काढले, आणि एका ब्रिटिश धनिकाकडून बारा लाख पौंड घेतले ते शेकडा पंचवीस व्याजाने. पंचवीस टक्के! या दराने चार वर्षांत व्याज मुद्दलाइतके होते. आपल्याकडे जुन्या मुंबई इलाख्यात दामदुपटीचा नियम होता. व्याज मुद्दलाइतके झाले की एका वेळी त्याहून अधिक वसूल करण्याचा हक्क सावकाराला उरत नसे. विलायतेतील या कर्जाला असे कुंपण नव्हते. बुडणारा माणूस पोहण्याचा दर विचारीत नाही, हे खरे. पण हा बुडणारा माणूस दुसऱ्या हाताने बावीस हजार पौंडांचे भाडे भरीत होता.

२१ जून २०१७ रोजी, विम्बल्डन सुरू होण्यास दोन आठवडेही नसताना, लंडनच्या न्यायालयाने त्याला दिवाळखोर घोषित केले. मायोर्काची मालमत्ता गहाण टाकून पैसे उभे करतो, थोडी मुदत द्या, अशी विनंती त्याच्या वकिलांनी केली होती. निर्णय देणाऱ्या अधिकारी बाईंनी ती नाकारली. सेंटर कोर्टवरचा त्याचा खेळ आपण पाहिल्याचे त्यांना आठवत होते. तरीही वाळूत डोके खुपसून बसलेल्या माणसासारखे त्याचे वर्तन असल्याचा अभिप्राय त्यांनी नोंदवला. एकूण देणे सुमारे पाच कोटी पौंड असल्याचे पुढे सांगितले गेले. त्यातील मोठा वाटा एका जुन्या व्यावसायिक सहकाऱ्याच्या दाव्याचा होता आणि तो बेकरला मान्य नव्हता.

आता कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेतले पाहिजे.

इंग्लंडमध्ये १८६९ च्या कायद्याने कर्जासाठी तुरुंगात टाकण्याची प्रथा बहुतांशी संपुष्टात आणली. नादारीचा आजचा मुख्य कायदा १९८६ सालचा आहे. त्याचा गाभा एका देवाणघेवाणीत आहे. ऋणकोने आपली सारी मालमत्ता, देशातली आणि परदेशातली, विश्वस्तांसमोर मांडायची. विश्वस्त ती विकून धनकोंना प्रमाणात वाटून देतात. ऋणकोचा रोजचा संसार आणि त्याच्या धंद्याची हत्यारे त्याच्याजवळ राहू देतात. सर्वसाधारणपणे एका वर्षानंतर तो मोकळा होतो आणि उरलेली बहुतेक देणी पुसली जातात. पूर्वीच्या काळी बापाच्या कर्जापायी पोरे कारखान्यात जात. त्या क्रौर्याच्या जागी समाजाने ही दया आणली. त्या बदल्यात मागितले काय, तर फक्त खरेपणा. पैसे नाहीत म्हणायला लाज नको; आहेत ते नाहीत म्हणू नका.

आपल्या भाषेतील ‘दिवाळे’ या शब्दाविषयी अशी व्युत्पत्ती सांगतात की व्यापाऱ्याला देणी देणे अशक्य झाले की तो पेढीच्या दारात भर दिवसा दिवा लावून ठेवी. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो पाहावा आणि समजावे. व्युत्पत्तीच्या खरे-खोटेपणाचा निवाडा भाषापंडितांनी करावा. परंतु त्यामागची कल्पना आणि विलायतेतला १९८६ चा कायदा यांचा आशय एकच आहे. दिवाळे उघड्यावर काढायचे असते.

बेकरने दिवा लावला नाही. घोषणेनंतर त्याच्या व्यवसायाच्या खात्यातून सुमारे चार लाख सत्तावीस हजार युरो निरनिराळ्या खात्यांवर गेले. त्यात दोन्ही पूर्वपत्नींची खातीही होती. लायमेनमधले घर, ज्यात त्याची वृद्ध आई राहत होती, त्याने यादीत दाखवलेच नाही. त्या घरावर लिख्टेनश्टाइनच्या एका बँकेचे सव्वाआठ लाख युरोंचे कर्ज होते, तेही सांगितले नाही. एका तंत्रज्ञान कंपनीचे पंच्याहत्तर हजार समभाग होते, तेही नाहीत. ही चार कृत्ये सिद्ध झाली.

आईच्या घराबद्दल कोणाचेही मन द्रवेल. म्हातारीच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ नये असे कोणत्या मुलाला वाटणार नाही? पण ते घर जाहीर करूनही त्यात आईला राहू द्यावे, अशी विनंती विश्वस्तांना आणि न्यायालयाला करता आली असती. विनंती करण्यात कमीपणा वाटला की काय, कोण जाणे.

याच काळातील एक प्रकरण तर प्रहसनाच्या दर्जाचे आहे. एप्रिल २०१८ मध्ये बेकरची नेमणूक मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा युरोपीय संघासाठीचा क्रीडा व सांस्कृतिक प्रतिनिधी म्हणून झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि जूनमध्ये त्याच्या वकिलांनी न्यायालयात सांगितले की त्यांचे अशील आता राजनैतिक अधिकारी असून त्यांच्यावर धनकोंना कारवाई करता येत नाही. त्या देशाच्या परराष्ट्र खात्याने सांगितले की असा पासपोर्ट आम्ही दिलेला नाही. वर्षअखेरीस हा दावा निमूटपणे मागे घेण्यात आला. जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी तो एक देश. मोनाको, म्युनिक, लिख्टेनश्टाइन झाले, आता सावकारांपासून आडोसा म्हणून त्या दरिद्री देशाचे नाव पुढे करण्यात आले. सोयीच्या पत्त्यांची ही साखळी कोठवर गेली ते पाहा.

खटला २०२२ च्या मार्च महिन्यात उभा राहिला. आरोप चोवीस होते. पंचांनी त्यातील वीस आरोपांतून त्याला निर्दोष सोडले, हे आवर्जून सांगायला हवे, कारण मथळ्यांत ते हरवून गेले. अनेक चषक व पदके विश्वस्तांच्या स्वाधीन केली नाहीत, असाही आरोप होता. त्यांतले बरेचसे कोठे आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, असे बेकरने सांगितले. पंचांनी ते मान्य केले. घरात चषकांची जंत्री ठेवणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ असावा, आणि सतराव्या वर्षापासूनच्या त्याच्या आयुष्याशी ते विसंगत नाही.

शिक्षा सुनावताना न्यायाधीश डेबोरा टेलर यांनी दोन गोष्टी सांगितल्या. म्युनिकच्या न्यायालयाने शिक्षा स्थगित ठेवून जी संधी दिली होती तिचा बोध घेतला गेला नाही, ही एक. मानहानी झाल्याचे दुःख दिसते, पण नम्रता दिसत नाही, ही दुसरी. वीस वर्षांपूर्वीचा तो निकाल असा पुन्हा समोर येऊन उभा राहिला.

आता एक प्रश्न असा येतो की बँकेचे आणि धनिकाचे पैसे बुडाले तर आपल्याला त्याचे काय? शेकडा पंचवीस घेणाऱ्याचे डोळे पुसण्याचे काम कोणी अंगावर घेतलेले नाही. परंतु ज्या कायद्याला त्याने फसवले तो बेकरसाठी केलेला कायदा नव्हता. इंग्लंडमध्ये नादार होणाऱ्यांत दुकान बुडालेले, नोकरी गेलेले, आजारपणाने खंगलेले लोक असतात. त्यांच्याजवळ दडवण्यासारखे काही नसते आणि परराष्ट्रखात्याचा पासपोर्टही नसतो. मोठी माणसे या दारातून माल लपवून नेऊ लागली की पहारा कडक होतो, आणि झडती होते ती लहान माणसाची. भारतीयांना हे सविस्तर समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. लंडनच्याच न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये विजय मल्ल्या यांना दिवाळखोर घोषित केले, तेव्हा आपल्याकडील बँकांच्या रांगेत उभे राहून सोसायटीच्या हप्त्यासाठी कागद गोळा करणाऱ्या शेतकऱ्याने ती बातमी कोणत्या मनाने ऐकली असेल याची कल्पना करता येते.

आणि टेनिसमध्येही लहान माणसे आहेत. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालच्या आकड्यांवरून हिशेब केला तेव्हा असे आढळले की जगभरच्या हजारो व्यावसायिक पुरुष खेळाडूंपैकी सुमारे साडेतीनशेच जणांचे उत्पन्न खर्चाला पुरत होते, आणि त्यातही प्रशिक्षकाचा पगार धरलेला नव्हता. भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सुमित नागल याने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले की वर्षाचा खर्च ऐंशी लाख ते एक कोटी रुपये येतो आणि आपल्या खात्यात नऊशे युरो शिल्लक आहेत. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियन स्पर्धेत त्याने मानांकित खेळाडूला हरवले; १९८९ मध्ये रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला नमवल्यानंतर एकेरीत भारतीय पुरुषाने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे नागलने जाहीरपणे सांगितले. त्यासाठी त्याला कोणा न्यायालयाने भाग पाडले नव्हते. २०२४ पासून पुरुष खेळाडूंच्या संघटनेने पहिल्या अडीचशे जणांना किमान उत्पन्नाची हमी देण्याची योजना सुरू केली. चॅम्पियनांच्या धनादेशांच्या बातम्यांत ही बातमी कोपऱ्यात छापली गेली. खेळाच्या दृष्टीने ती त्यांच्याहून मोठी आहे.

बेकरने आठ महिन्यांच्या आसपास तुरुंगवास भोगला. आरंभी वँड्सवर्थ येथे, जे विम्बल्डनपासून फार दूर नाही, आणि नंतर हंटरकोम येथे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला सोडून जर्मनीला धाडण्यात आले, कारण इंग्लंडमध्ये दहा वर्षे राहूनही तो तेथील नागरिक नव्हता. अखेर कायद्यानेच त्याचा पत्ता ठरवला. २०२४ साली विश्वस्तांशी समझोता झाल्यावर लंडनच्या न्यायालयाने त्याला नादारीतून मुक्त केले. म्हणजे जी सुटका खरे सांगणाऱ्याला साधारण एका वर्षात मिळते, तिला त्याच्या बाबतीत जवळजवळ सात वर्षे लागली.

मधल्या काळात, २०१९ च्या उन्हाळ्यात, विश्वस्तांनी त्याच्या हाती लागलेल्या स्मृतिचिन्हांचा लिलाव केला होता. पदके, चषक, घड्याळे, मोजेसुद्धा. त्यातून सहा लाख सत्याऐंशी हजार पौंड आले. स्वीडनच्या ब्यॉर्न बोर्गने २००६ साली आपले विम्बल्डनचे पाच चषक असेच लिलावाला काढले होते, पण ऐनवेळी ते मागे घेतले. विम्बल्डनचा मूळ चषक मात्र कोणाही विजेत्याला घरी नेता येत नाही. त्याला प्रतिकृती देतात. मूळ चषक क्लबाच्या ताब्यात असतो आणि त्यावर विजेत्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात १९८५, १९८६ आणि १९८९ या वर्षांपुढे बोरिस बेकरचे नाव आहे.